स्पे की डी? सॅमनच्या दोन शेजारी नद्या

स्कॉटलंडमध्ये सॅमनसाठी गळ टाकायला जाणाऱ्यांना नकाशावर स्पे आणि डी या नद्या जवळजवळ दिसतात, आणि ‘दोन्ही सारख्याच, जिथे जागा मिळेल तिथे जाऊ’ असे ठरते. सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. समुद्रात वाढलेला सॅमन अंडी घालायला बहुधा आपल्या जन्माच्याच नदीत परततो. शेवटच्या टप्प्यात ती नदी तो पाण्याच्या वासावरून ओळखतो. त्यामुळे डीमध्ये मासे चढले म्हणजे स्पेमध्येही चढले असतील, असे धरता येत नाही. स्पे उत्तर किनाऱ्यावर समुद्राला मिळते, डी पूर्वेला अ‍ॅबर्डीनपाशी.

मोठी नदी म्हणजे हमखास मासा, हेही खरे नाही. स्पे सुमारे १७० किलोमीटर लांब, डी सुमारे १४०. पण पाण्यात उतरणाऱ्याने लांबीपेक्षा ओढ पाहावी. स्पेचा खालचा भाग फार वेगवान आहे. तिथे मांडीभर पाण्यातही पाय ठरत नाहीत. काठावर झाडी असल्याने दोर मागे फेकायला जागा नसते, आणि त्या अडचणीतूनच जगभर शिकवली जाणारी ‘स्पे कास्ट’ घडली. डी त्या मानाने उथळ आणि नितळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्या केर्नटन पट्ट्यात आर्थर वुड यांनी दोराला ग्रीस चोळून तो तरंगता ठेवण्याची आणि लहानशी नकली माशी वापरण्याची पद्धत रुजवली. पहिल्यांदाच जाणाऱ्याला, किंवा गुडघे कुरकुरत असतील त्याला, मी डी सुचवेन.

पाऊस आला की सहल बुडाली, असे वाटते. उलट, चढलेले पाणी उतरू लागते तेव्हा मासा वर सरकतो. नदीत शिरल्यावर तो खाणे जवळजवळ थांबवतो, त्यामुळे त्याच्या भुकेवर भरवसा ठेवू नये.

स्कॉटलंडमध्ये मासेमारीचा सरकारी परवाना लागत नाही, हे खरे. पण सॅमन पकडण्याचा हक्क खासगी असतो आणि त्या पट्ट्याच्या मालकाची परवानगी नसेल तर तो गुन्हा ठरतो. पकडलेला मासा घरी नेता येईलच असेही नाही. १ एप्रिलपूर्वी सॅमन मारायला बंदी आहे. पुढचे नियम प्रत्येक नदीच्या दरवर्षी ठरणाऱ्या श्रेणीवर अवलंबून असतात. २०२३ मध्ये ब्रिटनमधला सॅमन संकटग्रस्त ठरला. त्यामुळे परवानगी असली तरी मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते.

तारखाही वेगळ्या: डी १ फेब्रुवारी ते १५ ऑक्टोबर, स्पे ११ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर. रविवारी मात्र दोन्हीकडे सॅमनची मासेमारी बंद असते, तेव्हा तिकिटे त्या हिशेबाने काढावीत.