आरोप शाबूत राहिला का? वऱ्हाडचे लेखक आणि पडदा

गो. नी. दांडेकर १९१६ साली परतवाड्यात जन्मले, अरुण साधू १९४१ साली त्याच परतवाड्यात. एकाच्या लेखणीत गडकिल्ले, रानातली माणसं आणि भक्ती आहे. दुसऱ्याच्या लेखणीत मंत्रालय, संप आणि खुर्ची. या दोघांना जब्बार पटेल यांनी दोन वर्षांच्या अंतराने पडद्यावर आणलं. १९७७ साली 'जैत रे जैत' आला, १९७९ साली 'सिंहासन'. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या दोन्ही नावांचा उल्लेख आदराने होतो, पण अमरावती जिल्ह्यातल्या एकाच गावाशी दोघांचं नातं आहे हे आपल्याकडेही फारसं बोललं जात नाही. वऱ्हाडच्या मातीतल्या लेखकांचं पडद्यावर काय झालं, याचा हिशेब म्हणूनच इथून मांडावासा वाटतो.

पुस्तकावरून चित्रपट निघाला की पहिली तक्रार ठरलेली असते: अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र बदललं. प्रेमकथेला किंवा कौटुंबिक कादंबरीला ही मोजपट्टी चालून जाते. राजकीय कादंबरीला ती अपुरी पडते. राजकीय लेखन कुणावर तरी बोट ठेवत असतं. चित्रपटात ते बोट त्याच दिशेला राहिलं का, की वाटेत दुसरीकडे वळलं, हे मला सगळ्यात आधी पाहावंसं वाटतं. प्रसंगांची मोजदाद त्यानंतर.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण इंग्लंडातलं आहे. अ‍ॅलन मूर आणि चित्रकार डेव्हिड लॉइड यांची 'व्ही फॉर व्हेंडेटा' ही चित्रकादंबरी १९८२ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. थॅचरबाईंच्या काळातल्या इंग्लंडचं भय तिच्यात आहे. एका बाजूला फॅसिस्ट सत्ता, दुसऱ्या बाजूला कोणतीच सत्ता न मानणारा मुखवटाधारी, आणि यातलं बरोबर कोण याचा निवाडा मूर यांनी वाचकावर सोपवला होता. चित्रपट दशकभर आधी आला असता तर कदाचित वेगळं झालं असतं. तो आला २००६ च्या आसपास, अमेरिकेच्या इराक युद्धाच्या सावलीत. मुखवटा तोच, नावंही बरीचशी तीच. पण अराजकवाद्याच्या जागी एक रुबाबदार स्वातंत्र्यवीर उभा राहिला. पुस्तकात पार्लमेंटची इमारत सुरुवातीलाच उडते आणि पुढचा सगळा भार माणसांच्या मनांवर येतो. चित्रपटात तीच इमारत शेवटी आतषबाजीसारखी उडते. पुस्तकातला हुकूमशहा एकाकी आहे, एका यंत्राच्या प्रेमात पडलेला आहे, आणि म्हणूनच त्याची भीती जास्त वाटते. चित्रपटात तो प्रचंड पडद्यावरून ओरडणारा चेहरा उरतो. मूर यांनी श्रेयनामावलीतून आपलं नाव काढून घ्यायला लावलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. तो मुखवटा पुढे जगभरच्या आंदोलनांत दिसला, हे चित्रपटाचं कर्तृत्व खरं. मुखवटा गेला तिथे पुस्तकातला प्रश्न मात्र गेला नाही.

याच्या उलट मार्जान सात्रापींची 'पर्सेपोलिस'. इराणमधल्या क्रांतीत वाढलेल्या मुलीची ही काळ्यापांढऱ्या चित्रांतली आत्मकथा. २००७ साली तिच्यावरचा चित्रपट सात्रापींनी व्हिन्सेंट पारोनो यांच्यासोबत स्वतःच केला आणि रेषाही काळीपांढरीच ठेवली. प्रसंग तिथेही गळले. पण क्रांतीने दिलेली आशा आणि त्याच क्रांतीने लादलेला पडदा, दोन्ही एकाच मुलीच्या नजरेतून दिसत राहतात. कान महोत्सवात तो दाखवला गेला तेव्हा इराण सरकारने निषेध नोंदवला. ज्याच्यावर बोट ठेवलं होतं त्याला ते नेमकं कळलं.

आता आपल्या साधूंकडे येऊ. परतवाडा-अमरावतीकडून मुंबईला गेलेला हा माणूस पेशाने बातमीदार. इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांनी राजकारण अगदी जवळून पाहिलं, पुढे 'फ्री प्रेस जर्नल'चे संपादक झाले. 'मुंबई दिनांक' आणि त्यानंतर १९७७ ची 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांत त्यांनी मराठीला तोवर फारशी ठाऊक नसलेली गोष्ट दिली: सत्ता प्रत्यक्षात कशी चालते. भाषणं नाहीत, ध्येयवाद नाही. फोन, बैठका, अफवा, आमदारांची मोजणी, संपाची धमकी, स्मगलरचा पैसा, आणि या सगळ्यांच्या मधून फिरणारा एक पत्रकार.

पटकथा लिहिताना विजय तेंडुलकरांनी या दोन्ही कादंबऱ्यांतून एकच चित्रपट उभा केला. प्रामाणिकपणाचा अर्थ शब्दाला शब्द असा घेतला तर हा गुन्हाच म्हणायचा. कादंबऱ्यांचा पसारा एवढा आहे की निम्मी मुंबई पटकथेबाहेर राहिली. माणसांच्या मनात चाललेला विचारांचा खल कादंबरीकाराला पानंच्या पानं लिहिता येतो. पडद्याला ती सोय नाही. तेंडुलकरांनी त्यावर केलेला उपाय आजही शिकण्यासारखा आहे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांना एक निनावी फोन येतो: तुमच्याविरुद्ध कट शिजतोय. तिथून पुढे जो तो दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधू लागतो. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे किती आमदार फोडतील, कामगारनेता डिकास्टा कुणाच्या बाजूने उतरेल, बातमी कोण फोडेल. प्रेक्षकही त्याच अंदाजांत ओढला जातो आणि कादंबरीतला आतला आवाज बाहेरच्या हालचालींत ऐकू येऊ लागतो.

पात्रयोजनेतला एक निर्णय तर मला पटकथेइतकाच महत्त्वाचा वाटतो. पटेल आणि तेंडुलकर यांच्या त्याआधीच्या 'सामना'मध्ये निळू फुले साखरसम्राट हिंदुराव होते आणि डॉ. श्रीराम लागू त्याला प्रश्न विचारणारे मास्तर. 'सिंहासन'मध्ये पारडं फिरलं. लागू खुर्चीच्या मागे लागलेले दाभाडे झाले आणि फुले झाले दिगू टिपणीस, सगळं पाहणारा आणि काहीच बदलू न शकणारा पत्रकार. सत्तेचा चेहरा म्हणून ओळखल्या गेलेल्या नटाला साक्षीदार करणं ही साधूंच्या कादंबरीची खरी समज होती. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्रीही राक्षस नाही. तो थकतो, घाबरतो, आजारपणाचाही डाव करतो आणि शेवटी टिकतो. इंग्लंडातल्या त्या चित्रपटाने हुकूमशहाचं माणूसपण काढून घेतलं. 'सिंहासन'ने मुख्यमंत्र्याला माणूस राहू दिलं, आणि म्हणूनच आरोप एका व्यक्तीवर न राहता सगळ्या व्यवस्थेवर येतो.

हे सोपं नव्हतं. कादंबरी १९७७ ची, चित्रपट १९७९ चा. मधल्या जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. कादंबरीतली पाडापाडी वाचकाने वर्तमानपत्रात पाहिली होती. अशा वेळी पडद्यावरचा अमका म्हणजे तमका, असं सुचवून टाळ्या घेणं सहज शक्य होतं. चित्रपटाने तो मोह टाळला. आज नावं बदलून कुणीही तो पाहावा, अडत नाही. दिगूचं भ्रमिष्ट होणं काहींना अतिनाट्यमय वाटतं, मला वाटत नाही. सगळं माहीत असलेल्या माणसाच्या माहितीचा उपयोगच शून्य होतो, तेव्हा त्याने करावं तरी काय? उणीव दाखवायचीच तर ती स्त्रियांची आहे. सत्तेच्या या खेळात त्या कडेलाच राहतात आणि जवळ आल्या तरी पुरुषांच्या डावातल्या सोंगट्या म्हणूनच.

याच चित्रपटात हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात आशा भोसल्यांनी गायिलेलं 'उषःकाल' सुरेश भटांचं आहे, आणि भट अमरावतीचे. स्वातंत्र्यानंतरच्या निराशेचा जो सूर साधूंच्या गद्यात आहे, तोच या गाण्यात आहे. कादंबरीत नसलेली गोष्ट चित्रपटात येऊनही मुळाशी इमान राखते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

अमरावती जिल्ह्याची दुसरी मोठी गोष्ट 'देवकीनंदन गोपाला'. गाडगेबाबा शेंडगावचे, त्यांच्या सहवासात राहिलेले आणि ही कथा देणारे गो. नी. दांडेकर परतवाड्याचे, दिग्दर्शक राजदत्त धामणगावचे. १९७७ च्या या चित्रपटात बाबा झाले डॉ. लागू, जे स्वतः देव न मानणारे. ही निवड मला अचूक वाटते, कारण बाबांचं कीर्तन हाच मुळात एक राजकीय मजकूर होता. श्रोत्यालाच प्रश्न विचारायचे, उत्तर त्याच्याच तोंडून वदवायचं, आणि कर्ज, दारू, नवस, शिवाशिव यांची चिरफाड करायची. गाडगेबाबांना नुसतं संत करून हार घातला की हा आरोप बोथट होतो. राजदत्तांचा चित्रपट भक्तिपटाच्या वाटेवरून चालतो हे खरं, पण लागूंच्या नजरेतला करडेपणा बाबांना देव्हाऱ्यात बसू देत नाही. २०१० च्या 'डेबू'मध्ये मोहन जोशींनी हीच भूमिका मन लावून केली.

राजदत्तांच्याच 'अरे संसार संसार'मध्ये अकोल्याच्या डॉ. विठ्ठल वाघांची तिफणीची कविता गाणं होऊन घराघरांत पोचली. मूळ वऱ्हाडी उच्चार मात्र पडद्यावर जाताना प्रमाणभाषेकडे झुकला. इथे कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या गाण्याने वऱ्हाडचं शेत महाराष्ट्रभर नेलं. तरी आमच्याकडच्या लेखनाचं पडद्यावर जाताना जे पहिल्यांदा गळतं ते हेच, बोली.

सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'चं उदाहरण अधिक गंभीर आहे. बुलडाण्याकडच्या या लेखकाच्या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेला, नोकरी नसलेला, शेतीत अडकलेला एकनाथ. त्याची घुसमट, घरातली भांडणं, आणि प्रत्येक भांडणामागे उभा असलेला बाजारभाव. धीरज मेश्राम यांनी तिच्यावर हिंदी चित्रपट केला. कापसाच्या पट्ट्यातल्या आत्महत्यांची कहाणी देशभर जावी यासाठी हिंदी निवडणं समजण्यासारखं आहे, आणि सीमा बिस्वास यांच्यासारखी अभिनेत्री त्या घराला वजन देते. पण 'बारोमास'मधला आरोप बोलीतच गुंफलेला आहे. तिथली माणसं सरकारला, सावकाराला आणि एकमेकांना एकाच भाषेत शिव्या घालतात. त्या भाषेतच कळतं की राग कुठून सुरू झाला आणि घरात कसा शिरला. हिंदीत राग राहतो, त्याचा पत्ता पुसट होतो. साधूंच्या मुंबईला हा प्रश्न कधी पडला नाही. त्यांच्या माणसांची मराठी मंत्रालयाची होती, ती जशीच्या तशी पडद्यावर बसली.

साधूंच्या 'झिपऱ्या'वर २०१८ साली चित्रपट आला, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी. रेल्वेवर बूटपॉलिश करणाऱ्या मुलांची ती गोष्ट. तिच्याविषयी इथे थांबून बोलण्याइतकी जागा नाही.

उद्धव शेळके यांच्या 'धग'विषयी मात्र बोलायलाच हवं. २०१२ च्या त्याच नावाच्या गाजलेल्या चित्रपटाचा या कादंबरीशी संबंध नाही, हा घोळ अजूनही कानावर येतो. १९६० ची ही कादंबरी दारिद्र्याशी झुंजणाऱ्या कौतिकची आहे आणि तिचे संवाद अस्सल वऱ्हाडी आहेत. तिच्यावर चित्रपट करणाऱ्याला भाषेचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा लागेल.

इथे मला चित्रकादंबरी आठवते. २०११ साली आलेल्या 'भीमायन'मध्ये बाबासाहेबांच्या अस्पृश्यतेच्या आठवणी दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी चितारल्या, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. व्यामांनी पाश्चात्त्य चौकटींची रांग नाकारली. दुखावणारं बोलणं विंचवाच्या नांगीच्या आकारात येतं, सोसणाऱ्याचं बोलणं पाखराच्या आकारात. बाबासाहेबांवरच्या जब्बार पटेलांच्या २००० सालच्या चित्रपटाच्या लेखनात साधूंचाही हात होता. तो चित्रपट विस्ताराने जे सांगतो, ते 'भीमायन' एका पानावर बोलण्याच्या आकारातून सांगतं. कौतिक किंवा एकनाथ अशा पानांवर आला तर उच्चार जमणारा नट शोधावा लागणार नाही, की दुसऱ्या भागातल्या प्रेक्षकाला कळेल का म्हणून संवाद धुऊन काढावे लागणार नाहीत. वऱ्हाडी जशी आहे तशी छापता येईल आणि बाकीचं चित्र सांगेल. 'पर्सेपोलिस'चा चित्रपट त्याच क्रमाने झाला: आधी लेखिकेची स्वतःची रेषा, मग तीच रेषा हलती. अमरावती-अकोल्यात चित्रकार आहेत, बोली जाणणारे लेखक आहेत, आणि 'धग' व 'बारोमास' या दोन तयार कादंबऱ्या आहेत. सुरुवात 'बारोमास'पासून करावी, कारण तिचा लेखक आपल्या काळातला आहे आणि तिच्यातला कापूस अजून शेतात उभा आहे.