फाशीचा दोर कुणाच्या गळ्यात?

हिंगणघाटला 2020 साली प्राध्यापिकेला पेटवले, तेव्हा वर्धा जिल्ह्यात ‘फाशी द्या’च्या घोषणा घुमल्या. संताप खराच होता. खैरलांजीनंतर आंबेडकरी मोर्च्यांतूनही हीच मागणी उठली होती. पण दोर पडतो कुणाच्या गळ्यात?

नाशिकच्या 2003 च्या खून खटल्यात भटक्या जमातीच्या 6 जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी दिली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. कायद्याने अल्पवयीनाला फाशी नाहीच. तरी त्याचे वय सिद्ध व्हायला 2012 उजाडले. (पालावरच्या पोराचा जन्मदाखला कोण जपून ठेवतो?) 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी 5 लाखांची भरपाई देववली.

फाशीच रद्द करावी, याकडे आपला कल असल्याचे बाबासाहेबांनी 3 जून 1949 रोजी घटना समितीत सांगितले होते. आपल्या मोर्च्यात ही आठवण कोण काढतो?