जखमी जवानाची दुसरी नोकरी आणि आपण घरचे

आपल्या बेळगाव भागात नात्यागोत्यात एकही फौजी नाही असे घर शोधावे लागेल. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र गावातच आहे. भरती जवळ आली की रस्त्यांवर पहाटे धावणारी पोरे दिसतात. सुट्टीवर आलेला काका, त्याची काळी ट्रंक, कँटीनचे सामान, हे सगळे पाहत आपण मोठे झालो. पण हात, पाय किंवा डोळा गमावून कायमचा घरी आलेला जवान दुसरी नोकरी धरू पाहतो, तेव्हा घरच्यांनी कसे वागायचे हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते. आमच्या घरात आम्ही ते चुका करत शिकलो. त्यातली एक मोठी चूक माझी होती.

माझ्या चुलत भावाचा डावा पाय भूसुरुंगाच्या स्फोटात गुडघ्याखाली गेला. शस्त्रक्रिया, मग कृत्रिम पाय, चालण्याचा सराव, वैद्यकीय मंडळ, आणि शेवटी फौजेचा निरोप. दादा घरी आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. गावाने हार घातले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरच्यांनी त्याची सेवा सुरू केली.

वहिनी पाण्याचा तांब्या हातात नेऊन द्यायची. बाजार धाकट्या भावाकडे गेला, त्याच्या मागोमाग दादाचे एटीएम कार्डही. पाहुणे आले की दादाच्या समोरच काकूला विचारायचे, "आता ह्याचं कसं व्हायचं?" आणि काकू रोज म्हणायची, "पेन्शन हाय, शेत हाय. कशाला धडपड? बस की घरात." यात कुणाच्या मनात वाईट काही नव्हते. पण ज्या माणसाने दहा जणांची तुकडी सांभाळली होती, तो तीन महिन्यांत सोप्यातल्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघू लागला.

त्याला बाहेर काढले ते त्याच्या एका जुन्या साथीदाराने. पुण्यात संगणकाचे प्रशिक्षण मिळते, ये, असा त्याचा फोन आला आणि दादा निघाला. माझी नोकरी पुण्यातच. रविवारी दादा सरावाची कामे घेऊन माझ्या खोलीवर यायचा. हिशोबाचा तक्ता, साठ्याची नोंद, पगारपत्रक. त्याची बोटे कीबोर्डवर अडखळायची, मला ते बघवायचे नाही. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढायचो आणि पाच मिनिटांत सगळे करून द्यायचो. वर समाधान असे की, आपले इंजिनिअरिंग घरच्या उपयोगी पडले.

परीक्षेत दादाला तोच तक्ता आला आणि तो त्याला करता आला नाही. त्या संध्याकाळी तो रागावला नाही, फक्त म्हणाला, "तू करून दिलास ते मला येईना. उद्या हापिसात तू येणार हाईस काय?"

मी ज्याला मदत समजत होतो, ती त्याच्या वाटेतली अडचण झाली होती. पुढच्या रविवारपासून मी शेजारी बसायचो, हात मांडीवर ठेवून. एका तक्त्याला दोन तास लागले तरी कीबोर्डला हात लावायचा नाही, हे मला जमायला दादाच्या शिकण्याइतकाच वेळ लागला.

खडकी आणि वानवडी

अपंगत्व आलेल्या सैनिकाला हुनर शिकवून कामाला लावायचे, ही आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी कल्पना आहे. पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला आली आणि आजही अपंगत्व आलेल्या जवानांना प्रशिक्षण देते. खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. पाठीचा कणा दुखावल्याने चालता न येणारे जवान तिथे राहतात, खेळतात, काम करतात. पुण्यातच वानवडीला १९४४ साली सुरू झालेले आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सगळ्यांना ठाऊक झाले ते सिनेमामुळे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पदकाच्या गोष्टीत एक भाग मागे राहतो : त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीही केली. पदक प्रत्येकाला मिळत नाही. पण सकाळी डबा घेऊन बाहेर पडणे आणि महिनाअखेर पगार आणणे, हे पुष्कळांच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी घर मात्र तयार हवे.

पहिले सहा महिने

दादाला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात भांडाराच्या नोंदी ठेवायचे काम मिळाले. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, सोडतो. कारण कामाचे नव्हते, पायाचे होते.

हे घरच्यांना माहीत असायला हवे. पाय कापल्यानंतर उरलेल्या भागाची सूज महिनोन्‌महिने उतरत राहते, स्नायू बारीक होतात. कृत्रिम पायाचे सॉकेट, म्हणजे ज्या वाटीत तो भाग बसतो ती, आधी घट्ट बसलेली असली तरी पुढे सैल होते. मग मोज्यांचे थर वाढवावे लागतात आणि काही काळाने सॉकेटच नवे करावे लागते. आठ तासांची पाळी, उन्हाळ्याचा घाम, यात कातडी सोलवटते. दादा लाजेने कुणाला सांगत नव्हता. वहिनीने युक्ती काढली. रोज रात्री पाय उतरवल्यावर एक आरसा त्याच्या हातात द्यायची. खालची बाजू त्याने स्वतः बघायची. लाली थोड्या वेळात गेली तर ठीक, नाही गेली तर दुसऱ्या दिवशी कुबड्या आणि डॉक्टर. वहिनी फक्त आठवण करायची.

दुसरी गोष्ट, नसलेल्या पायाचे दुखणे. रात्री दोन वाजता दादाचा नसलेला अंगठा ठणकायचा. काकूला वाटले, मनाचा खेळ आहे किंवा बाहेरचे काहीतरी आहे. हे दुखणे खरे असते. नसा आणि मेंदू यांच्यातून ते येते, डॉक्टर त्याला फँटम पेन म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. झोप उडणे, फटाक्याने दचकणे, एकाएकी चिडणे, हेही तसेच. दिवाळीत आमच्या दारात माळ लावायची बंद झाली. मुलांना कारण समजावून सांगितले, त्यांनी ऐकले.

तिसरी, रस्ता. बसची पायरी उंच असते. नोकरीआधी दोन रविवार दादाने रिकाम्या बसमध्ये चढउतार केली होती, गर्दीत मात्र ती निभेना. शेवटी परवान्यावर रीतसर नोंद करून बाजूला चाके लावलेली, गिअर नसलेली स्कूटर घेतली. पहिल्या दिवशी धाकटा भाऊ मागून मोटरसायकलवर निघाला होता. दादाने त्याला कोपऱ्यावरून परत पाठवले.

कागद कुणाचे, सही कुणाची

कागदपत्रांत आपण तरुण मंडळी खरी मदत करू शकतो, कारण अर्ज आता ऑनलाइन असतात. काही गोष्टी घरात आधी स्पष्ट व्हाव्यात. दुसरी नोकरी लागली म्हणून फौजेचे अपंगत्व निवृत्तीवेतन बंद होत नाही. या भीतीने अनेक घरे माणसाला घरी बसवतात. फौजेच्या वैद्यकीय मंडळाचे कागद वेगळे आणि दिव्यांगांचे युडीआयडी ओळखपत्र वेगळे, दोन्ही हवीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व धरतात. केंद्र सरकारच्या कंपन्या आणि राष्ट्रीयीकृत बँकांत माजी सैनिकांसाठी क गटात १४.५ टक्के आणि ड गटात २४.५ टक्के जागा असतात. त्यातल्या ४.५ टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी आणि युद्धात कामी आलेल्या जवानांच्या अवलंबितांसाठी असतात. आणि समान संधीचे धोरण जाहीर करणे प्रत्येक आस्थापनेवर, खासगी कंपनीवरसुद्धा, बंधनकारक आहे.

हे सगळे शोधून द्यावे, कन्नड कागद असेल तर अर्थ सांगावा. पण सैनिक कल्याण कार्यालयात प्रश्न जवानानेच विचारावा आणि मालकाशी त्यानेच बोलावे. दादाने स्वतः व्यवस्थापकाला सांगून तळमजल्यावर टेबल मागितले, हाताला टेकू असलेली खुर्ची मागितली. दोन्ही मिळाले. मी फोन केला असता तर कदाचित लवकर मिळाले असते, पण तिसरी गोष्ट मागायलाही मलाच फोन करावा लागला असता.

आता दादाला त्या भांडारात चार वर्षे झाली. एटीएम कार्ड त्याच्या खिशात असते आणि बाजारही तोच करतो. काकू अजून म्हणते, "दमतोस की रे," आणि तो म्हणतो, "दमायलाच जातोय."

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातला एक पोरगा असाच परतला, हात गमावून. त्याच्या वडिलांनी मला फोन केला, तुम्ही संगणकवाले, पोराचा अर्ज भरून द्या. मी दादाला घेऊन गेलो. लॅपटॉप उघडला आणि सवयीने नाव टाइप करायला लागलो. दादाने लॅपटॉप माझ्यासमोरून उचलला, त्या पोरासमोर ठेवला आणि मला म्हणाला, "तू हिकडं बस, माझ्याजवळ."

एका हाताने तो अर्ज भरायला दीड तास लागला. चहा दोनदा झाला.