झेंड्याचं कापड: खादी, सूत आणि पॉलिएस्टर

राष्ट्रध्वज फक्त सुती खादीचाच असतो, असं आजही पुष्कळ जण ठामपणे सांगतात. नांदेड-लातूरकडच्या माणसाला तसं वाटणं स्वाभाविक आहे. ध्वजाचं कापड उदगीरला विणलं जातं आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे ध्वज होतात. हे काम करणारी ठिकाणं देशात मोजकीच. पण २००२ च्या ध्वजसंहितेतही सुती खादीबरोबर रेशमी आणि लोकरी खादी चालत होती. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर पॉलिएस्टर आणि यंत्रावर तयार झालेलं कापडही चालतं.

दुसरा गैरसमज याच्याच पोटातला: खादी म्हणजे सूत. १९५६ च्या खादी आयोगाच्या कायद्यानुसार धागा हातानं कातलेला आणि कापड हातमागावर विणलेलं हवं. ते सुती, रेशमी, लोकरी किंवा यांचं मिश्रण असू शकतं. म्हणजे मिलचं शंभर टक्के सुती कापड खादी नव्हे. धागा कशाचा आणि तो कातला कसा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि निम्मा घोटाळा ते एकत्र केल्यानं होतो.

कारखान्यातला प्रत्येक धागा प्लास्टिकचा, हेही खरं नाही. पॉलिएस्टर आणि नायलॉन खनिज तेलापासून येतात. रेयॉन मात्र लाकडाच्या लगद्यापासून होतं. त्यातला सेल्युलोज कापसातही असतो, सुमारे नव्वद टक्के. म्हणून रेयॉन घाम चांगला टिपतं. फक्त ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. सुती धागा उलट ओला झाल्यावर थोडा मजबूत होतो. रेयॉनची साडी पिळू नये ती यासाठी.

नैसर्गिक म्हणजे निर्दोष, असंही नाही. बोंडअळीपायी किती फवारण्या होतात, हे नांदेडच्या कापूस उत्पादकाला विचारावं.

पॉलिएस्टरला त्याचं श्रेय द्यायला हवं. ते हलकं असतं, लवकर वाळतं, मंद वाऱ्यातही फडकतं. पण शंभर ग्रॅम कापूस हवेतली साधारण साडेआठ ग्रॅम ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. लातूरच्या मे महिन्यात पॉलिएस्टरचा सदरा अंगाला का चिकटतो, ते यावरून कळतं.

खरा फरक शेवटी दिसतो. फाटलेला किंवा मळलेला ध्वज खासगीत, शक्यतो जाळून, सन्मानानं नष्ट करावा असं संहिता सांगते. सुती खादी कागदासारखी जळते आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या पुढे वितळतं, त्याचे थेंब गळतात, काळा धूर निघतो आणि मागे कडक गोळा राहतो. नियमानं दोन्ही ध्वज योग्यच आहेत. तरी घरावर लावायचा ध्वज घेताना मी उदगीरच्या मागावरचं कापडच मागेन.