खेळ संपला की शिकवणं सुरू

केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) :

बालभारतीचं गणिताचं जे पुस्तक दादरच्या मराठी शाळेत जातं, तेच गडचिरोलीतही जातं. अमेरिकेत असं एक पुस्तक नाही. इथे सरकारी शाळांचा कारभार सुमारे १३ हजार स्थानिक मंडळांकडे आहे. खर्चाचा मोठा वाटा घरांवरच्या करातून उभा राहतो आणि मुलांपुढे कोणतं पुस्तक, कोणतं साहित्य ठेवायचं हे बहुतेक ठिकाणी मंडळच ठरवतं. साहजिकच विकणाऱ्यांची रांग लागते आणि आपल्या खेळाने मुलं गणितात हुशार होतात, असं जो तो छातीठोकपणे सांगतो. यातलं खरं किती हे तपासण्यासाठी केंद्र सरकारने २००२ साली कायदा करून शिक्षण विज्ञान संस्था उभी केली. चिठ्ठ्या टाकून काही वर्गांना नवी पद्धत द्यायची, काहींना नाही आणि मग दोघांची सारखीच परीक्षा घ्यायची, ही औषधाच्या चाचण्यांची रीत इथल्या शाळांत जोमाने रुजली ती त्यानंतर. २०२५ मध्ये या संस्थेचे बहुतेक कर्मचारी घरी बसवले गेले आणि चालू कंत्राटं रद्द झाली. हे फार वाईट झालं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण खेळातून मूल नेमकं केव्हा शिकतं याबद्दल आज जे थोडंफार ठाऊक आहे, ते अशाच चिकाटीच्या तपासणीतून हाती आलेलं आहे.

सापशिडीचंच घ्या. सोंगटी ४६ वर आहे आणि फाशावर तीन पडले. आपल्या घरातलं मूल ‘एक, दोन, तीन’ म्हणत तीन घरं पुढे सरकतं. रॉबर्ट सीगलर आणि बॉस्टन कॉलेजच्या एलिडा लास्की यांनी २०१४ साली नेमका हाच क्षण पकडला. त्यांनी बालवाडीतल्या मुलांना शंभर घरांचा पट दिला. काही मुलांनी नेहमीसारखं एकपासून मोजायचं, तर काहींनी घरावरचा आकडा म्हणत पुढे जायचं : सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. पट तोच आणि खेळायचा वेळही तेवढाच. आकडे म्हणत गेलेल्या मुलांना शंभरपर्यंतच्या संख्या कुठे बसतात याची जाण चांगलीच आली; एकपासून मोजणाऱ्यांना तेवढा लाभ झाला नाही.

त्याआधी २००८ साली सीगलर यांनी गीता रमाणी यांच्यासोबत गरीब घरांतल्या बालकांवर काम केलं होतं. या मुलांसाठी इथे १९६५पासून ‘हेड स्टार्ट’ ही सरकारी योजना आहे, आपल्या अंगणवाडीच्या जवळची. एका ओळीत दहा घरं, त्यांत १ ते १० आकडे आणि दोन आठवड्यांत मिळून जेमतेम तासभर खेळ, एवढंच. तरी नऊ आठवड्यांनंतरही फरक टिकून होता. ज्यांच्या पटावर आकड्यांऐवजी नुसते रंग होते, त्यांच्यात मात्र काही फरक पडला नाही. इतक्या स्वस्तातला उपाय शिक्षणात सहसा हाती लागत नाही. घरी सापशिडी असेल तर आजच करून पाहता येईल : फाशाचे आकडे नको, घराचे आकडे म्हणू द्या.

अर्थशास्त्राच्या वर्गातल्या खेळाचा उगमही इथलाच. हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन विद्यार्थ्यांना खरेदीदार आणि विक्रेते बनवून वर्गात बाजार भरवत. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड असे : एवढ्याच्या वर घ्यायचं नाही, किंवा एवढ्याच्या खाली विकायचं नाही. विद्यार्थी वर्गभर फिरून दोघादोघांत घासाघीस करत. १९४८ साली चेंबरलिन यांनी याचा निष्कर्ष छापला तो असा, की सौदे पुस्तकातल्या मागणी-पुरवठ्याच्या भावाला होत नाहीत. त्यानंतरच्या त्यांच्या अशाच एका वर्गात व्हर्नन स्मिथ नावाचा विद्यार्थी होता. पुढे तो इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठात शिकवायला लागला आणि १९५६ साली त्याने त्याच खेळात दोन बदल केले. बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने लावायची आणि तोच बाजार पुन्हा पुन्हा भरवायचा. काही फेऱ्यांतच भाव पुस्तकातल्या भावाशी येऊन टेकला. याच वाटेने गेलेल्या कामासाठी स्मिथ यांना २००२ साली नोबेल मिळालं.

दादर स्टेशनच्या पश्चिमेला फुलबाजारात पहाटे उभ्या राहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. झेंडूचा भाव एकाने पुकारला की शेजारच्या दहा टोपल्यांना तो ऐकू जातो. दसऱ्याच्या आदल्या रात्री तर गिऱ्हाईक पुलाखालून दोन फेऱ्या मारतं, तेवढ्यात सगळ्यांचा आकडा जवळजवळ एक झालेला असतो. कानाकोपऱ्यात कुजबुजून ठरलेला भाव वेगळा आणि पुकारून ठरलेला वेगळा, असाच एक फरक चेंबरलिन आणि स्मिथ यांच्या वर्गांत होता. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चार्ल्स होल्ट यांनी १९९६ साली हा खेळ पत्त्यांच्या एका कॅटवर आणून ठेवला. पानावरचा आकडा हीच किंमत, एका रंगाची पानं घेणाऱ्यांकडे, दुसऱ्या रंगाची विकणाऱ्यांकडे. रुपारेल किंवा कीर्ती कॉलेजच्या वर्गात हे उद्या करता येईल, त्याला संगणकसुद्धा लागत नाही.

पण खेळून झाल्यावर काय? इंग्लंडमध्ये केंट विद्यापीठातल्या एडवर्ड कार्टराइट आणि अ‍ॅना स्टेपानोव्हा यांनी २०१२ साली हे तपासलं. वर्गातल्या अशा प्रयोगातून विद्यार्थी फारसं शिकत नाहीत. नंतर बसून त्यावर अहवाल लिहिला, तरच शिकतात, असं त्यांना आढळलं. मला हा निष्कर्ष साऱ्या विषयाचं मर्म वाटतो. समजावून सांगणं सुटलं की काय होतं ते पाहा : बॉस्टनजवळच्या सेलम गावच्या पार्कर ब्रदर्सने १९३५ साली ‘मोनोपोली’ बाजारात आणली, जिच्यावरून आपला ‘व्यापार’ आला. तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या खेळात आहे. १९०४ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं होतं आणि जमीनदाराच्या भाड्याने बाकीचे कसे कंगाल होतात हे त्यांना शिकवायचं होतं. समजावून सांगणारं कोणी पटाशेजारी उरलं नाही आणि दुसऱ्याला कंगाल करण्यातली मजा तेवढी घरोघर पोचली.

आता आपल्याकडचं. इथल्या लाल मेट्रोवर एमआयटी आणि हार्वर्ड यांच्यात दोन स्थानकांचं अंतर आहे, आणि या दोन संस्थांतल्या माणसांनी भारतात केलेली दोन कामं प्रत्येक मराठी शिक्षकाने वाचावीत अशी आहेत. पहिलं २०१७चं. हार्वर्डच्या एलिझाबेथ स्पेल्की, एमआयटीच्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेच्या साथीने दिल्लीत २१४ बालवाड्यांतल्या १,५४० मुलांवर प्रयोग केला. चार महिने ठिपक्यांचे आणि आकारांचे खेळ झाले. कुठल्या पत्त्यावर ठिपके जास्त, कुठला आकार वेगळा, हे मुलं झटकन सांगू लागली आणि ही समज टिकलीही. पण पुढे शाळेतलं गणित शिकताना या मुलांना काडीचा फायदा झाला नाही. नजरेने कळलेलं होतं, ते पाटीवरच्या चिन्हांशी कोणी जोडून दिलं नव्हतं.

दुसरं काम २०२५च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आलं. त्यात डुफ्लो आणि स्पेल्की यांच्याबरोबर अभिजित बॅनर्जी आहेत; जन्म मुंबईचा, आई निर्मला बॅनर्जी माहेरच्या पाटणकर आणि स्वतः अर्थतज्ज्ञ. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांकडे संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. वीस रुपये किलोचे बटाटे ८०० ग्रॅम, पंधरा रुपये किलोचे कांदे एक किलो चारशे ग्रॅम, वर दोनशेची नोट. मुलाने तोंडीच सदतीस रुपये सांगून १६३ रुपये परत दिले. त्याच मुलांना कागदावर नुसता भागाकार दिला की ती अडत. शेजारच्या शाळांतल्या, बाजारात कधी न बसलेल्या ४७१ मुलांचं नेमकं उलट. साधी गणितं ती कागदावर सोडवत; पण बाजारातल्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांना आलेलं एक उदाहरण यांच्यातल्या जेमतेम एक टक्क्याला आलं. शाळेत जाणाऱ्या मुलांचं हे अपयश मला जास्त अस्वस्थ करतं.

मुंबईत या दिशेने आधीच काम झालेलं आहे. १९७४ साली नाना चौकातल्या महापालिका शाळेत सुरू झालेलं आणि आता मानखुर्दला असलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आपलंच. तिथले अरिंदम बोस आणि के. सुब्रमणियम यांनी दादरच्या शेजारी धारावीत, घरच्या धंद्याला हात लावणाऱ्या महापालिका शाळांतल्या मुलांचं गणित तपासलं. पैशाचा हिशेब, माप, वाटणी या मुलांच्या अंगवळणी पडलेली होती. पण शाळेच्या तासाला त्याचा पत्ताच नव्हता. आपल्या जुन्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. त्यात घोकंपट्टी होती, छड्याही होत्या, पण बाजार आणि पाटी एकाच अंकगणितावर चालत. १९५७ नंतर दशमान नाणी आली आणि ते पाढे गेले. ते परत आणावेत असं मी म्हणत नाही. त्यांची जागा भरायला हवी होती, ती कोणी भरली नाही.

‘प्रथम’ची सुरुवात १९९५ साली मुंबईच्याच वस्त्यांतल्या बालवाड्यांतून झाली. मानखुर्दला संशोधक आहेत, दादरला बाजार आहे. मग असा एक प्रयोग इथेच करता येईल : पाचवीच्या काही वर्गांनी फुलबाजारात खरेदी करायची आणि त्याच दिवशी मुलांनी तो तोंडी हिशेब फळ्यावर उभ्या मांडणीत लिहून एकमेकांना समजावायचा. काही वर्गांनी नुसती खरेदी करायची. काहींनी नेहमीचा तास घ्यायचा. महापालिकेच्या शाळांत एका शैक्षणिक वर्षात होण्यासारखं हे काम आहे आणि त्यासाठी कोणा बॉस्टनच्या विद्यापीठाची वाट पाहायचं कारण नाही.