सतरा नंबरचा फॉर्म आणि चाळिशी

"डॉक्टरसाहेब, दहावीचा नाद सोडतो म्हणते. दोन ओळी वाचल्या की डोकं ठणकते." पवनीकडील बिडी वळणाऱ्या एक बाई सांगत होत्या. शाळा सुटून पंचवीस वर्षे झालेली. मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षेला बसायचे होते. मी पुस्तक हाती दिले. त्यांनी ते हातभर लांब धरले! डोके शाबूत होते, डोळ्यांना चाळिशी लागली होती. या वयात डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होऊन जवळचे अंधुक दिसते. बिडी हाताच्या सवयीने वळते. अक्षरे तशी वाचता येत नाहीत. डोळे तपासून चष्मा घ्यायला सांगितले. पापणी आतून फिकट दिसली म्हणून हिमोग्लोबिन तपासले, लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या चहासोबत घेऊ नयेत. परवा त्या चष्मा लावून आल्या. आता भूमितीचे प्रमेय समजत नाही म्हणे. त्यावर माझ्याकडे औषध नाही.