चिनी परीक्षा आणि मराठी कान

शिष्यवृत्तीचे प्रश्नसंच मुलांकडून घोटून घेण्याचा शिरस्ता आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, कफ परेडच्या मच्छीमार नगरातील एखाद्या पालकाने आपल्या तिसरीतल्या मुलाला चिनी भाषेच्या परीक्षेस बसविण्याची तजवीज केली, तर तोही प्रथम प्रश्नसंचच धुंडाळील. सरकारदरबारी या भाषेला तूर्त फारसा आश्रय नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या 2019 च्या मसुद्यात परकीय भाषांमध्ये असलेले चिनीचे नाव 2020 च्या अंतिम धोरणातून वगळले गेले. तथापि परभाषिक शाळकरी मुलांसाठी चीनने आखलेली ‘वायसीटी’ ही परीक्षा आहे. तिच्या चार पायऱ्यांना अनुक्रमे 80, 150, 300 व 600 शब्द पुरतात. पहिल्या दोहोंत केवळ श्रवण व वाचन असते, लेखन तिसरीपासून येते.

श्रवणाला दिलेला हा अग्रमान सकारण आहे. चिनीत आवाजाच्या चढउताराने अर्थ पालटतो. ‘माय’ हा उच्चार दबक्या, खालच्या सुरात केला तर विकत घेणे आणि वरून झटक्याने खाली आणला तर विकणे. म्हणजे पाटीमागची कोळीण व पाटीपुढचे गिऱ्हाईक यांची अदलाबदल करावयास सुराची एवढीशी चूक पुरेशी! हा विवेक प्रश्नसंचांनी नव्हे, तर गाणी, गोष्टी आणि खेळ कानांवरून वारंवार गेल्यानेच अंगवळणी पडतो, आणि लवकर आरंभ करण्याचा खरा लाभ तोच.

त्यातही मराठी मुलाच्या गाठीशी एक ठेव असते. चिनीच्या रोमन लेखनातील ‘बी’चा उच्चार वस्तुतः ‘प’च्या, ‘पी’चा ओठ मिटून केलेल्या ‘फ’च्या, ‘डी’चा ‘त’च्या, तर ‘झेड’चा ‘चमच्या’तील दंत्य ‘च’च्या जवळचा आहे. अल्पप्राण-महाप्राणांचा हा भेद घरच्या भाषेतून आलेला असताना ही अक्षरे इंग्रजी वळणाने वाचावयास शिकविणे, म्हणजे असलेले भांडवल बुडविणे होय.

वय निघून जाईल, ही धास्तीही अनाठायी आहे. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकासह चीनला गेले तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. चिनी ते तेथेच, रुग्णांत वावरताना शिकले. तेव्हा परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी मूल शिक्षकाशी चार वाक्ये न अडखळता बोलते की नाही, एवढे पालकांनी पाहावे; बोलत नसेल, तर अर्ज पुढल्या वर्षावर टाकावा.